बेचाळीस सेकंद आणि एक खड्डा

तारिकने गिटारवर वाजवलेले ते बेचाळीस सेकंद आपण वाजवू, असं विश्वजीतराव घोरपड्यांनी कबूल केलं तेव्हा ते सांगलीच्या मंडईत भेंडी निवडत होते. एका हातात पिशवी, कान आणि खांद्याच्या मध्ये मोबाईल, आणि समोर भेंडीवाली शेंडे मोडू नका म्हणून डोळे वटारत होती. अशा अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो. पुढचे तीन महिने विश्वजीतराव स्वतःची हीच समजूत घालत राहिले, पण ती काही नीट पटली नाही.

फोन साताऱ्याहून होता, तारिक मोमीनचा. दोघे साताऱ्याला कॉलेजात बरोबर होते, आणि नुसते बरोबर नव्हते, तर ‘ब्लॅक कातळ’ नावाच्या रॉक बँडमध्ये होते. हे नाव तिसऱ्या मेंबरचं, पृथ्वीराजचं. रॉकला मराठीत कातळ म्हणतात आणि काळा रंग भारी दिसतो, एवढाच त्यामागचा विचार. पृथ्वीराज ड्रम बडवायचा, विश्वजीतराव मागे भिंतीला टेकून साथीची गिटार वाजवायचे, आणि तारिक पुढे उभा राहून जे वाजवायचा तेच लोक ऐकायचे. शहाण्णव सालच्या गॅदरिंगला या तिघांनी स्वतः रचलेलं एक इंग्रजी गाणं म्हटलं. त्याचा अर्थ ते रचणाऱ्या पृथ्वीराजलाही ठाऊक नव्हता. पण गाण्याच्या मध्यावर तारिकने एकट्याने बेचाळीस सेकंद जे काही वाजवलं, त्याने मागच्या रांगेत शेंगा फोडणारी पोरं शेंगा फोडायची थांबली. आवाज फाटका होता, पण गोड. लांब कुठेतरी कुणीतरी रडतंय आणि त्याला स्वतःचं रडणं आवडायला लागलंय, असा.

कुणीतरी ते टेपरेकॉर्डरवर घेतलं होतं. ती कॅसेट विश्वजीतरावांकडे राहिली.

आता कॉलेजला पन्नास वर्षं पुरी होत होती. फेब्रुवारीत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि त्यात ब्लॅक कातळला सहा मिनिटं मिळाली होती. अडचण एकच होती. दोन वर्षांपूर्वी तारिकला अर्धांगाचा झटका आला आणि तेव्हापासून त्याचा डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा.

“विश्या, तू वाजीव,” तारिक म्हणाला होता. “सूर काय, कोनबी वाजवंल. पन आवाज त्योच पायजे, गड्या. शेटिंग मी सांगतो.”

विश्वजीतराव एका सहकारी बँकेत वरिष्ठ लिपिक होते. माधवनगर रस्त्यावरच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर ते आणि पत्नी संयोगिता असे दोघेच राहत. मुलगी पुण्याला शिकत होती. जुनी गिटार पलंगाखालच्या बॉक्समध्ये निघाली. तिच्याबरोबर एक हरवलेली झारी आणि लग्नातली दोन पाकिटं निघाली, त्यामुळे सुरुवातीला संयोगिताबाईंचा या प्रकल्पाला पाठिंबा होता.

मग पार्सलं यायला लागली. आधी अ‍ॅम्प्लिफायर आला, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका. मग पेडल आली. पेडल म्हणजे पायाने दाबायची लोखंडी डबी. गिटारची वायर तिच्यातून अ‍ॅम्पला गेली की एक डबी आवाज फाडते, दुसरी तो घुमवते, तिसरी त्याला लाटेसारखा वरखाली करते. प्रत्येक डबीवर तीन-तीन नॉब, अ‍ॅम्पवर आणखी सहा, गेन, मिडल, ट्रेबल अशा नावांचे. शेजारच्या बिराप्पांना हे समजावून सांगायला विश्वजीतरावांना पाऊण तास लागला. बिराप्पा वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले, जतकडचे. सगळ्या सोसायटीच्या मिक्सर आणि गीझरवर त्यांचा हात फिरलेला.

“म्हंजे चांगला आवाज हाय त्यो मुद्दाम फाडायचा?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“आमच्या घरचा रेडिओ तसाच वाजतोय की ओ. उगं घेतलासा.”

पहिल्या संध्याकाळी तारिकने फोनवर सांगितलं की गेन सात, मिडल पूर्ण, आणि घुमवणारी डबी अगदी थोडी. विश्वजीतरावांनी बँकेच्या डायरीत लिहून घेतलं, नॉब फिरवले आणि पहिला सूर छेडला. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या धोंडुबाईंच्या मांडणीवरची ताटं एका पाठोपाठ एक खाली आली. धोंडुबाई वर आल्या त्या भांडायला नव्हे. त्यांना वाटलं भूकंप आहे, कोयनेकडे काही झालं असेल, तेव्हा सगळ्यांनी खाली चला म्हणून सांगायला आल्या. खरं कारण कळल्यावर त्या विश्वजीतरावांकडे नुसत्या बघत राहिल्या, आणि एका सभ्य, पगारदार माणसाला ते बघणं फार लागलं.

दुसऱ्या दिवशी तारिकला सांगितलं की तो आवाज येत नाही, नुसता धडाका येतो. तारिक म्हणाला की त्याला आता नीट आठवतंय, गेन सात नव्हे, चार होता आणि मिडल निम्मं. तिसऱ्या दिवशी मिडल अजिबात नव्हतं. चौथ्या दिवशी आठवलं की तारा एक नंबर जाड होत्या. विश्वजीतरावांनी तारा बदलल्या, आणि बदलताना एक तार सुटून गालाला लागली. बँकेत विचारणाऱ्या प्रत्येकाला मांजराने ओरबाडलं असं सांगावं लागलं, कारण एकोणपन्नासाव्या वर्षी गिटारची तार लागली हे सांगण्यापेक्षा मांजर परवडलं.

दरम्यान सोसायटीची नोटीस आली. सोसायटीचे सेक्रेटरी जयराज पाटणकर हे अत्यंत कायदेशीर गृहस्थ होते. ‘बी विंगमधून येणाऱ्या लाकूड कापण्याच्या आवाजाबाबत’ असा नोटिशीचा विषय होता. विश्वजीतराव खुलासा करायला गेले तेव्हा पाटणकरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विषयात ‘लाकूड’च्या जागी ‘तत्सम’ अशी दुरुस्ती करून दिली. शेवटी साडेपाच ते सहा अशी परवानगी मिळाली, अ‍ॅम्प कपड्यांच्या कपाटात बंद करून वाजवण्याच्या अटीवर. ही सूचना पाटणकरांच्या मेव्हण्याची होती आणि ती वाईट नव्हती. मोठे वादकसुद्धा कपाटात अ‍ॅम्प ठेवतात असं विश्वजीतरावांनी वाचलं होतं. मात्र मोठ्या वादकांच्या कपाटात त्यांच्या बायकांचे शालू नसावेत. आठवडाभराने एका लग्नासाठी संयोगिताबाईंनी पैठणी बाहेर काढली तर तिला नव्या स्पीकरचा रबरी वास येत होता. लग्नात त्यांच्याशेजारी बसलेल्या बाईने गाडीचं टायर घासतंय का बघायला नवऱ्याला बाहेर पाठवलं. प्रकल्पाचा घरचा पाठिंबा त्या दिवशी संपला.

पण खरा घात केला तो गुणगुण आवाजाने. अ‍ॅम्प सुरू केला की गिटारला हात न लावताही तो गुणगुणायचा, एखादा म्हातारा झोपेत कण्हतो तसा. एका संध्याकाळी तर त्या कण्हण्यातून माणसाचा आवाज यायला लागला. विश्वजीतरावांनी कपाटाचं दार उघडून कान दिला. आतून कुणीतरी बाई अतिशय स्पष्टपणे राजापुरी हळदीचे भाव सांगत होती. मग गुळाचे सांगितले. मग शेतकरी बंधूंना नमस्कार करून बाई थांबली.

बिराप्पांना बोलावलं. त्यांनी प्लगचं भोक टेस्टरने तपासलं, अ‍ॅम्पच्या पत्र्याला बोट लावून झटकन मागे घेतलं आणि निदान केलं. “साहेब, अर्थिंगच न्हाई ओ तुमच्याकडं. तिसऱ्या भोकात वायर हाय, पन ती कुटं जातच न्हाई. बिल्डिंग बांदणाऱ्यानं नुसती दाखवायला ठेवलीया. तुमचा खोका रेडिओ धरतोय.”

तारिकला सांगितलं तर तो एकदम उत्साहात आला. त्या काळी कॉलेजच्या हॉलमागे अर्थिंगचा मोठा खड्डा होता म्हणाला, आणि आवाज तसा आला तो त्यामुळेच. अर्थिंग नीट केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

तेव्हा खड्डा घ्यायचं ठरलं. कमरेएवढा खोल, त्यात लोखंडी पाईप, भोवती कोळसा आणि मीठ, वरून पाणी. बिराप्पा फुकट करून द्यायला तयार होते. निवृत्तीनंतर त्यांच्या हातांना असं काही मिळालं नव्हतं. पण जागा सोसायटीची, म्हणजे अर्ज आला. विश्वजीतरावांनी तीन प्रतींत अर्ज केला, ‘सदनिका क्रमांक बी-२०३ करिता अर्थिंगची व्यवस्था करणेस सहकार्य मिळणेबाबत.’ पाटणकरांनी तो सभेपुढे ठेवण्यासाठी मोबाईलवर उतरवून घेतला. मोबाईलला अर्थिंग हा शब्द माहीत नव्हता. त्याने आपल्या अकलेने ‘आर्थिक’ केलं.

सोमवारी लिफ्टमध्ये कागद लागला: ‘श्री. घोरपडे, बी-२०३, यांनी आर्थिक व्यवस्थेसाठी केलेल्या अर्जाबाबत सभेला पूर्ण सहानुभूती आहे. तथापि तशी तरतूद नसल्याने अर्ज नामंजूर.’

विश्वजीतराव सकाळी जिन्याने उतरले, त्यामुळे त्यांनी तो वाचला नाही. बाकी सगळ्यांनी वाचला. संध्याकाळी धोंडुबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या आणि ताटांचं मनात ठेवू नका म्हणाल्या. ए विंगमधल्या एका निवृत्त मास्तरांनी जिन्यात गाठून खांद्यावर हात ठेवला आणि असे दिवस आपणही काढलेत असं सांगितलं. विश्वजीतरावांना वाटलं मास्तरसुद्धा गिटार वाजवत होते. मंगळवारी बातमी बँकेतही पोचली आणि शाखाधिकाऱ्यांनी केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. बँकेचा माणूस सोसायटीकडे हात पसरतो हे बाहेर बरं दिसत नाही. तिथे उलगडा झाला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत विश्वजीतरावांनी कुणाकडून कधी पेनसुद्धा उसनं घेतलं नव्हतं. ते घरी आले, लिफ्टमधला कागद फाडला, आणि त्याबद्दल सोसायटीची सूचना विनापरवाना काढल्याची दुसरी नोटीस त्यांना बुधवारी आली.

त्या दिवशी संयोगिताबाई धोंडुबाईंचं भांडं घासून, त्यात शिरा घालून स्वतः परत देऊन आल्या. आल्यावर एवढंच म्हणाल्या, “अहो, मी विचारते म्हणून रागावू नका. हे कुणासाठी चाललंय?”

तारिकसाठी, असं विश्वजीतराव म्हणाले. म्हणताना त्यांना जाणवलं की हे फारसं खरं नाही. कॉलेजात त्यांनी चार वर्षं तारिकच्या मागे भिंतीला टेकून साथ केली होती आणि चार वर्षं त्यांना पुढे यायचं होतं. आता जागा रिकामी झाली होती, ती कशी रिकामी झाली याचा विचार न करता ते पुढे सरकले होते. ही गोष्ट बायकोला सांगण्यासारखी नव्हती.

शुद्धिपत्रक लागायला आणि खड्ड्याची परवानगी मिळायला दहा दिवस गेले. मग एका रविवारी सकाळी कंपाउंडच्या कोपऱ्यात बिराप्पांनी पहार घेतली आणि विश्वजीतरावांनी घमेलं. माती मऊ होती. बघायला दहा-बाराजण जमले, प्रत्येकाने सल्ला दिला, आणि पाण्याचा पाईप कुठे नसणार हे पाटणकरांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं. पाईप तिथेच होता. पहार बसली आणि पाण्याचा फवारा आंब्याच्या फांदीपर्यंत गेला. बिराप्पा भिजलेल्या अंगाने विश्वजीतरावांना म्हणाले की एका परीनं चांगलंच झालं, खड्ड्यात पाणी घालायचंच होतं.

दोन्ही विंगना दीड दिवस पाणी नव्हतं. प्लंबर कुपवाडला अडकला होता. टँकर आला तो कंपाउंडबाहेर उभा राहिला, आणि विश्वजीतरावांनी कुणी न सांगता बादल्या उचलायला सुरुवात केली. धोंडुबाईंच्या घरी सहा, मास्तरांच्या घरी आठ, पाटणकरांच्या घरी बारा, कारण त्यांच्याकडे पाहुणे होते. सोमवारी त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. बँकेत ते सही करताना कण्हत होते.

अर्थिंग मात्र झालं. संध्याकाळी त्यांनी अ‍ॅम्प लावला. गुणगुण नाही, हळद नाही, गूळ नाही. इतकी स्वच्छ शांतता त्या खोक्यातून कधीच आली नव्हती. विश्वजीतरावांनी कॅसेट लावून ते बेचाळीस सेकंद ऐकले, मग डायरीतल्या सेटिंगने वाजवले. सूर तेच होते. आवाज एखाद्या सज्जन लिपिकाचा होता.

“जवारी न्हाई त्यात,” फोनवर ऐकून तारिक म्हणाला. “माज्या आवाजाला जवारी हुती.”

जवारी म्हणजे तंबोऱ्याचा तो भरलेला झंकार, आणि तो लावणारी माणसं मिरजेत. विश्वजीतराव पुढच्या शनिवारी गिटार घेऊन मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेले. मौलाभाईंचं दुकान तिसऱ्या पिढीचं होतं. भोवती भोपळे टांगलेले, आणि ते स्वतः सतारीची घोडी कानसत बसलेले. त्यांनी विश्वजीतरावांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, कॅसेटवरचं मोबाईलमध्ये उतरवलेलं दोनदा ऐकलं, आणि म्हणाले की हा आवाज तारेचा नाही.

“मग कशाचा?”

“बोटाचा. ते पोरगं तार दाबताना जरा वर ओढतंय, जीव लावून. त्याला मी काय करणार?” मग त्यांनी विश्वजीतरावांचा चेहरा पाहिला असावा. “तरी एवढ्या लांबनं आलाय, तर तंबोऱ्याला लावतो तसं सूत लावून देतो.”

प्रत्येक तारेखाली सुताचा एकेक तुकडा सरकवून त्यांनी गिटार परत दिली आणि काही घ्यायला नकार दिला. घरी येऊन विश्वजीतरावांनी ती अ‍ॅम्पला लावली. तिच्यातून हुबेहूब तंबोरा वाजला. सकाळच्या अभंगासारखं शांत वाटलं. संयोगिताबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, आणि आता कुठे जरा बरं वाजवायला लागलात असं म्हणाल्या. तीन महिन्यांत मिळालेली ही एकमेव दाद होती. विश्वजीतरावांनी खाली बसून एकेक सूत उपटून काढलं.

मेळाव्याच्या दिवशी ते एकटेच साताऱ्याला निघाले. अ‍ॅम्प मागच्या सीटवर पट्टा लावून बसवला होता. पेडल पिशवीत, डायरी खिशात. डायरीची चव्वेचाळीस पानं भरली होती आणि त्यातली कुठलीही दोन सेटिंगं एकमेकांशी जुळत नव्हती. कराडला चहा पिताना त्यांनी ठरवलं की आज तारिकला समोर बसवून, अ‍ॅम्प लावून, एकदा काय ते नक्की करून घ्यायचं.

तारिकचं घर पेठेत, कापड दुकानाच्या वर होतं. दुकान आता त्याचा भाऊ बघायचा. साबेराभाभींनी दार उघडलं. तारिक आत कपडे बदलत होता, आणि त्याला वेळ लागतो, बटणं एका हाताने लावतो, दुसऱ्या कुणाला लावू देत नाही, असं त्यांनी सांगितलं. चहा ठेवला. मग पदर सारखा करत समोर बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या:

“भावजी, एक सांगू? राग मानू नका. तुमी ते खड्डा केला, पानी गेलं, सगळं ह्यांनी मला सांगितलं. मला लय वाईट वाटलं. ह्यांना त्यातलं कायबी आठवत न्हाई.”

“कशातलं?”

“शेटिंगचं. झटका आल्यापास्नं कालिजातलं लय पुसून गेलंय. गॅदरिंगला वाजवलं आन लोकास्नी आवडलं, एवढंच ठावं हाय. रोज सकाळी मोबाईलवर गिटारचं बघत्यात, कागदावर कायबाय लिवत्यात, आन संध्याकाळी तुमाला सांगत्यात.”

विश्वजीतरावांना आधी काही कळलंच नाही. मग एकेक करून डोळ्यांपुढे आलं: गाल, पैठणी, लिफ्टमधला कागद, आंब्यापर्यंत गेलेलं पाणी, पाटणकरांच्या बारा बादल्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“मग आठवत नाही म्हणून सांगायचं होतं, भाभी. एका शब्दाचं काम होतं.”

साबेराभाभींनी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. “म्हनले असते, तर तुमी रोज फोन केला असता व्हय?”

विश्वजीतरावांनी कप उचलला आणि परत ठेवला. झटका आल्यावर त्यांनी तारिकला एकदा फोन केला होता, तो दवाखान्यात असताना. त्यानंतर दोन वर्षांत एकदा, आणि तो चुकून लागला होता. तसं त्यांनी तेव्हा सांगूनही टाकलं होतं, चुकून लागला म्हणून.

तारिक बाहेर आला. पांढरा शर्ट, वरचं एक बटण चुकीच्या काजात. त्याने अ‍ॅम्प आणलास का, पेडल कुठल्या क्रमाने लावलीस, वायर लांब घेतलीस का, असं सगळं विचारलं. विश्वजीतरावांनी हो, हो म्हटलं आणि त्याला गाडीत बसवलं. राग गेला नव्हता. तो तसाच होता, फक्त कुणावर करायचा ते आता कळेनासं झालं होतं.

मैदानावर मोठा मांडव होता. स्टेजवर साऊंडवाल्याने अ‍ॅम्प बघितला आणि हात हलवला. बाहेरचे खोके लावायचे नाहीत, फीडबॅकची शिट्टी येते. गिटारची वायर थेट त्याच्या मशीनमध्ये द्यायची. विश्वजीतरावांनी पेडल तरी लावू द्या म्हणून विनंती केली, तारिकचं नाव सांगितलं, डायरी दाखवली. साऊंडवाल्याने डायरीकडे पाहिलंसुद्धा नाही. माननीय पाहुण्यांची भाषणं लांबली होती आणि सहा मिनिटांची साडेतीन झाली होती. अ‍ॅम्प आणि पिशवी स्टेजच्या मागे, पाण्याच्या जारांशेजारी राहिली.

फलटणहून पृथ्वीराज आला होता. त्याचं आता औषधफवारणीचं दुकान होतं आणि बऱ्याच वर्षांत ड्रमची काठी हातात धरली नव्हती. जेवणाच्या पंक्ती लागताना दिसत होत्या, म्हणून त्याने गाणं दुप्पट वेगाने धरलं. शब्द कुणालाच ऐकू आले नाहीत, तेवढं एक बरं झालं. मग ते बेचाळीस सेकंद आले. मांडवात मागे टेकायला भिंत नव्हती. विश्वजीतराव पुढे आले, आयुष्यात पहिल्यांदा, आणि गिटारमधून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज निघाला. ना फाटका, ना गोड. हात बादल्यांनी अजून दुखत होता. मधले चार सूर सुटले, दोन भलतेच लागले. बेचाळीस सेकंदांचं काम सव्वीसात उरकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बहुतेक उठता उठता.

तारिक पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीत होता. डावा हात उजव्या हातात धरून तो मान खाली घालून बसला होता. विश्वजीतराव स्टेजच्या पायऱ्या उतरून त्याच्यापाशी गेले. वाटेत मनात एक वाक्य तयार होतं, सरळ आणि स्पष्ट, की मला सगळं कळलंय. शेजारची खुर्ची ओढून ते बसले. तारिकने मान वर केली. त्याचे डोळे ओले होते की उजेडामुळे तसं वाटलं, कोण जाणे. पण चेहरा घाबरलेला होता, परीक्षेचा निकाल बघायला आलेल्यासारखा.

“ट्रेबल किती ठेवला हुतास?” त्याने विचारलं.

स्टेजमागे पिशवीत पेडल तशीच बंद पडली होती. विश्वजीतरावांनी खिशातली डायरी काढली, उगीच पानं उलटली आणि मधेच एका पानावर बोट ठेवलं.

“साडेतीन.”

“तिथंच चुकलं,” तारिक म्हणाला, आणि त्याने सोडलेला श्वास विश्वजीतरावांना स्पष्ट ऐकू आला. “पाचाच्या पुढं पायजे हुता.”

“मग नीट सांग ना आता. उद्या फोन करतो सकाळी.”

तारिकने थोडा विचार केला.

“धा वाजायच्या पुढं कर,” तो म्हणाला. “सकाळी मला जरा काम असतंय.”